उघड्या अंगाची चांदी

खामगावला रजतनगरी म्हणतात. इथल्या बाजारात शेगावच्या गजानन महाराजांच्या मूर्ती हव्या त्या आकारात मिळतात. पत्र्यावर ठसा मारून केलेली मूर्ती उचलताच हलकी लागते. माझ्यासमोरची मात्र ओतीव आहे. बोटभर उंचीची, पण हात खाली ओढणारी.

ओतकामाची परीक्षा पाहायला याहून अवघड विषय नाही. लक्ष्मीच्या मुकुट-हारांच्या गर्दीत बारीक खोट खपून जाते. महाराज दिगंबर, खोट झाकायची कुठे? चांदी ९६२ अंशांना वितळते आणि वितळलेली असताना हवेतला ऑक्सिजन पिते. गोठताना तो बाहेर टाकते, त्याचीच बारीक छिद्रं पडतात. मुशीतल्या रसावर कोळसा टाकतात तो यासाठी. इथे छाती-पोटावर एकही छिद्र नाही. त्याहून दाद द्यावी ती चिलमीला: एवढ्या बारीक वाटेत रस टोकापर्यंत पोचण्याआधीच गोठतो. इथे टोक पूर्ण भरलंय.

हे श्रेय चांदीइतकंच साच्याच्या मालाचं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मेणाच्या मूर्तीवर लेपायच्या मातीची कृती आहे: जळका तूस, मीठ आणि बारीक कातरलेला कापूस. कापसाचे तंतू वाळत्या मातीला तडकू देत नाहीत; भट्टीत जळून गेले की वायूला वाट करून देतात. एकेकाळी कापसाच्या बाजारपेठेसाठी गाजलेल्या खामगावात हे वाचताना गंमत वाटते. आज मातीच्या जागी जिप्सम आणि सिलिका आलं. नुसतं जिप्सम तापून आकसतं नि तडकतं. सिलिका फुगून ते सावरतं. हा साचा बोटाचा ठसासुद्धा उचलतो, पण कापसाच्या मातीसारखा श्वास घेत नाही. म्हणून हवा पंपाने ओढावी लागते.

पॉलिश मला जरा जास्तच झालेलं वाटतं. गुडघ्याची कड त्यात बोथट झाली. गिऱ्हाइकाला चकाकी हवी असते, काय करणार! मी मूर्ती उलटी करून तळ पाहतो. तिथे साच्याचा खरबरीतपणा शाबूत आहे आणि रस ओतायच्या वाटेचा कापलेला बुंधाही. साच्यातून वितळून गेलेल्या मेणाच्या जागी ‘मानसोल्लास’ वजनाने त्याच्या बारापट चांदी घ्यायला सांगतो. घनतेच्या हिशेबाने अकरापट पुरते. उरलेला एक भाग, माझ्या मते, या वाटेसाठीच.