‘गादी’ आणि ‘दुरुस्ती’: एक परिभाषाविचार

गुडघ्याचे दुखणे घेऊन गेलेल्या मराठी माणसास ‘गादी खराब झाली आहे, दुरुस्ती करावी लागेल’ असे सांगण्यात येते. वाक्य सुबोध आहे. परंतु सुबोधता व अर्थनिश्चिती या भिन्न गोष्टी होत. येथे दोन्ही मुख्य शब्द संदिग्ध आहेत, आणि त्याची किंमत रुग्णास मोजावी लागते.

प्रथम ‘गादी’. गुडघ्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. शिवाय मांडीचे व नडगीचे हाड यांच्यामध्ये कूर्चेच्याच दोन चंद्रकोरी असतात. लोकव्यवहारात ‘गादी’ दोहोंसही लावतात. दोहोंच्या व्याधी व उपाय मात्र वेगळे आहेत. चंद्रकोर निरुपयोगी समजून एके काळी समूळ काढीत असत. तशा गुडघ्यांत पुढे कोणते बदल घडतात, हे फेअरबँक यांनी १९४८ साली क्ष-किरणचित्रांवरून दाखविले.

‘दुरुस्ती’ हा शब्द तर अधिकच फसवा आहे. चंद्रकोरीचा फाटका भाग छाटणे आणि ती फाट शिवणे या परस्परविरुद्ध क्रिया. तरी दोहोंस एकच नाव. थर झिजलेल्या जागी हाडास बारीक छिद्रे पाडली, तर तेथे मुख्यतः तंतुमय कूर्चा येते. ती मूळच्या थराइतकी टिकाऊ नसते. रुग्णाच्याच कूर्चापेशी शरीराबाहेर वाढवून रोपण करण्याचा २३ रुग्णांवरील प्रयोग स्वीडनमधून १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मांडीच्या हाडावरील १६ पैकी १४ रुग्णांत फल चांगले आले, गुडघ्याच्या वाटीवरील ७ पैकी अवघ्या दोघांत. ‘दुरुस्ती’ या शब्दात हा भेद कोठे उमटतो?

फिनलंडमधील १४६ रुग्णांच्या २०१३ सालच्या अभ्यासात, झिजेने फाटलेली चंद्रकोर छाटणे हे लटक्या शस्त्रक्रियेहून वर्षअखेर सरस ठरले नाही. ‘छाटणार’ असे ऐकणारा रुग्ण ‘छाटून काय साधेल?’ असे विचारील. ‘दुरुस्ती’ ऐकणारा संमतिपत्रावर निमूटपणे सही करील.

शास्त्रीय शब्द रुग्णास कळत नाहीत, हा आक्षेप येथे गैरलागू आहे. छाटणे, शिवणे, छिद्रे पाडणे, रुजविणे ही क्रियापदे शिंप्यासुताराच्या व शेतकऱ्याच्या नित्य व्यवहारातील आहेत. परिभाषाकारांनी नामे घडविण्यात जे श्रम वेचले, त्यांतील थोडे या क्रियापदांच्या काटेकोर योजनेकडे वळविले, तर रुग्णाची संमती खऱ्या अर्थाने संमती ठरेल.