भोजाचा पक्षी, देवासचं वीजघर

धारचा भोजराजा हा आमच्या धंद्यातला पहिला ‘सोर्स’ दडवणारा माणूस, असं मी प्रोग्रॅमर मित्रांना गमतीने सांगतो. त्याच्या अकराव्या शतकातल्या ‘समरांगणसूत्रधारा’त यंत्रांवर अख्खा अध्याय आहे. त्यात हलत्या लाकडी बाहुल्या आहेत, पोटातला पारा तापवून उडणारा लाकडी पक्षी आहे. जोडणी मात्र सांगितलेली नाही. आणि ती अज्ञानामुळे नव्हे, गुप्ततेसाठी गाळली, असंही तिथेच बजावलं आहे. या पक्ष्यावर बसून प्राचीन विमानांपर्यंत पोहोचणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. मला तिथे कथेची युक्ती दिसते: यंत्र काय करतं ते सांगायचं, कसं करतं ते झाकून ठेवायचं.

मराठी विज्ञानकथेने नेमकं उलट केलं. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखक नारायण विनायक जगताप, म्हणजे आद्याक्षरं उलटी करून बसलेले जयंत विष्णु नारळीकर. त्यांच्यासोबत बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी या प्रकाराला वाचक मिळवून दिला. पण विज्ञान पोहोचवण्याची जबाबदारी कथेच्या मानगुटीवर बसली ती उतरली नाही. रहस्य ऐन रंगात आलेलं असतं आणि कुणीतरी फळ्यापाशी जाऊन उभं राहतं.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथाही त्यातून सुटलेली नाही. शेवटी राजेंद्र देशपांडे पुंजवाद समजावू लागतो तिथे मी आजही भराभर पानं उलटतो. तरी नारळीकरांची माझ्या मते हीच सर्वोत्तम कथा. विश्वासरावांना लागलेली गोळी नुसती चाटून गेली असती तर, एवढ्या केसभर फरकावर ती उभी आहे. धारमध्ये तर ती वेगळीच वाचली जाते. इथले यशवंतराव पवार 1761 साली पानिपतावरच पडले. धारकरांना तो ‘तर’ घरातला वाटतो.

आता देवास. 1909 साली ई. एम. फॉर्स्टरने ‘द मशीन स्टॉप्स’ लिहिली. जमिनीखालच्या कोठड्यांत एकेकटी राहणारी माणसं, पडद्यावरच्या भेटी, स्पर्शाचीही किळस. हा गृहस्थ 1921 मध्ये देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खासगी चिटणीस होता आणि त्याच्या कामांत बागा, मोटारी यांच्याबरोबर वीजघरही होतं! यंत्र थांबण्याची कथा लिहिणाऱ्याच्याच गळ्यात वीजघर. देवासवर त्याने 1953 मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ लिहिलं, पण वीजघरावर विज्ञानकथा काही लिहिली नाही. तंत्रज्ञान हा त्याचा प्रांतच नव्हता. ‘द मशीन स्टॉप्स’मधला मुलगा आईला म्हणतो, पडद्यावर नको, समोर येऊन भेट. तेव्हा आई का बिचकते, हे मात्र फॉर्स्टरला कळत होतं. शंभर वर्षांनी ती कथा टिकली आहे ती त्या आईमुळे.

त्याच देवासात आज बँक नोट प्रेस नोटा छापते आणि गावातल्या चहाच्या टपरीवरचा डबा ‘इतने रुपये प्राप्त हुए’ असं ओरडतो. नोटा छापणाऱ्या गावात नोट खिशाबाहेर निघेनाशी होते, यावरची मराठी कथा माझ्या वाचनात नाही. हिंजवडीत नि इंदुरात हजारो मराठी मुलंमुली कोड लिहितात. आता तोच कोड यंत्र लिहू लागलंय आणि आपण नुसते तपासनीस उरलो, ही धास्ती त्यांच्या घराघरांत आहे. बातम्यांत ती रोज दिसते, कथेत नाही. ‘वामन परत न आला’मध्ये नारळीकरांनी माणसाच्या हाताबाहेर जाऊ पाहणारा यंत्रमानव 1986 मध्येच उभा केला होता. त्या यंत्रमानवापायी ज्याची नोकरी जाईल तो माणूस अजून यायचाय. तो शास्त्रज्ञाच्या लेखणीतून येईल असं मला वाटत नाही.

दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच गोळा होतं. कोड लिहिणाऱ्यांनो, यंदा एक कथा पाठवा; आणि कृपा करून तिच्यात अल्गोरिदम समजावून सांगू नका.