कुंपणातील नभोवाणी

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, वारासिवनी मध्यप्रदेशात राहिली. परंतु १९४८ साली सुरू झालेल्या नागपूर आकाशवाणीच्या मध्यम लहरींनी ही सीमा मानली नाही. विद्यापीठीय नभोवाणीचे मोल आम्ही सीमेवरचे मराठी भाषक याच मापाने करणार.

नभोलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरविले. पुढे शिक्षणसंस्थांना केंद्रे उघडण्याची मुभा मिळाली. २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाने आरंभ केला, पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ही आली. हे स्वागतार्हच. मात्र त्यांच्या वाट्यास मध्यम लहरी आल्या नाहीत. आली ती अल्पशक्तीची एफ.एम., आणि तीही स्वतंत्र वृत्तप्रसारणाच्या मनाईसह. मालमत्ता सर्वांची म्हणावयाची आणि आवाज मात्र काही कोसांतच विरावयाचा, हा न्याय अपुराच नव्हे काय?