काहीही लिहा, चालेल!

मेट्रोत उभ्याउभ्या मोबाइलवर खेळायच्या शाब्दिक साहसखेळांची हल्ली एकच बढाई असते: मनात येईल ते लिहा, खेळाला सगळं चालतं. २०१९च्या 'एआय डंजन'पासून ही टूम बोकाळली. ड्रॅगनला वडापाव दिला की तो खातो. भजन म्हणायला सांगितलं की म्हणतो. कशालाच नाही न म्हणणाऱ्या या यजमानाकडे दोन घटका हसू येतं, मग जांभया.

प्रोग्रॅमर क्राउदरच्या १९७६च्या गुहेतल्या साहसखेळात आज्ञा दोन शब्दांची असे आणि पुष्कळदा ती खेळाला कळतच नसे. 'झॉर्क'नं लांब वाक्यं समजून घेतली, तरी अडवणूक राहिलीच. ती तंत्राची लाचारी होती, हे कबूल. पण चांगल्या लेखकांनी तिचंच सोनं केलं. डग्लस अ‍ॅडम्स आणि स्टीव्ह मेरेत्स्की यांच्या 'हिचहायकर्स गाइड'मध्ये (१९८४) खेळाला न कळलेलं खेळाडूचं वाक्य अवकाशात भलतीकडे जाऊन पोचतं आणि परग्रहवासीयांना झोंबतं. टायपिंगची चूक थेट कथानकात!

सॅम बार्लोच्या 'आइल'मध्ये (१९९९) आज्ञा एकच देता येते. सुपरमार्केटात पास्त्यापुढे उभा असलेला माणूस, एक वाक्य, शेवट. परत या, वेगळं लिहा, त्याचा भूतकाळच बदललेला असतो. याच बार्लोच्या 'हर स्टोरी'त (२०१५) पोलिसी जबाबांच्या चित्रफिती शब्द टाकून शोधायच्या, पण दिसणार पहिल्या पाचच. कोणता शब्द टाकावा, इथेच खेळाडूचा कस लागतो.

ट्वाइन या साधनानं बनवलेले, दुवे दाबायचे खेळ? बरे असतात, पान उलटायचे कष्ट वाचतात.

कोकणी चाकरमान्यांनी मुंबईत टिकवलेला शक्ती-तुऱ्याचा सामना पाहिलेल्या माणसाला अडवणुकीतच खेळाची मजा असते, हे वेगळं सांगावं लागू नये. समोरच्या शाहिरानं टाकलेल्या सवालाला कुठलंही उत्तर चाललं असतं, तर रात्र कोणी जागवली असती?

मराठीत तर आज्ञा ओळखणाऱ्या पार्सरला केवढं रान मोकळं आहे! 'घोडा'चा 'घोड्याला' होतो, म्हणून शब्दाची शेपटी छाटण्याची इंग्रजी युक्ती इथे लंगडी पडते. प्रोग्रॅमर कुरकुरतील, कुरकुरू देत. लेखकाला मात्र शब्दांच्या या बदलत्या रूपांतच अदबीचं, इंग्रजीत नसलेलं हत्यार मिळतं. मुलुंडच्या एखाद्या सोसायटीचं फाटक, रात्रीचे दोन, आत वॉचमन. खेळाडू 'गेट उघड' लिहितो की 'काका, गेट उघडता का?', यावर पुढची सगळी गोष्ट ठरू शकते. तीन पर्यायांची बटणं दिली की ही गंमत मेली, कारण अदब आधीच लिहून ठेवलेली असते. 'काहीही चालेल'वाल्या यंत्रापुढे तीच गत: तिथे उद्धटालाही फाटक उघडतं. जुना पार्सर नको असेल तर नको. याच नव्या यंत्राला 'अरे' आणि 'अहो' यांतला फरक राखायला जुंपा आणि उर्मट खेळाडूला सकाळचं दूध येईपर्यंत फाटकाबाहेर उभं ठेवू द्या.