पुन्हा खेळण्याची किंमत

चांगले पुस्तक दुसऱ्यांदा वाचल्याशिवाय त्यावर लिहू नये, हा नियम मी चाळीस वर्षे पाळला. यंदा एका व्हिडिओ गेमने तो अडचणीत आणला. दिवाळी अंकात हा विषय कुठून आला, असे वाचक विचारतील. मे महिन्याच्या सुट्टीत भाचा बेळगावला आला, त्याच्या लॅपटॉपमधून आला.

कथा सांगणाऱ्या खेळांचे मोठे आमिष म्हणजे निवड. खेळणारा ठरवील तशी कथा वळते, म्हणून ती पुनःपुन्हा खेळावीशी वाटते, असे सांगतात. पुष्कळदा हे खरे नसते. भाच्याने आधी मला २०१२ सालचा ‘द वॉकिंग डेड’ दिला. त्याच्या पहिल्याच भागात कार्ली आणि डग यांपैकी एकालाच वाचवता येते. मी घामाघूम होऊन निवड केली. तिसऱ्या भागात लिलीच्या हातून ते वाचवलेले माणूस मरते, मग ते कोणीही असो. वाटा फुटतात आणि पुन्हा त्याच रस्त्याला लागतात. लेखकाचाही इलाज नाही. प्रत्येक फाट्यावर नवी कादंबरी कोण लिहील? आपले दशावतारी नटही लिखित संहितेवाचून संवाद रचतात, पण राक्षस मरायचा तो मरतोच.

‘अंडरटेल’ची गोष्ट वेगळी. टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने बहुतांशी एकट्याने रचलेला, स्वतःच संगीत दिलेला हा खेळ २०१५ साली आला. चित्रे जुन्या टीव्ही गेमसारखी ओबडधोबड. एक मूल राक्षसांच्या भूमिगत राज्यात पडते. टोरिएल नावाची, बकरीच्या तोंडाची माउली त्याला सांभाळते आणि पुढे धोका आहे म्हणून दार अडवून उभी राहते. लढतीत मारणे आणि सोडून देणे, दोन्ही शक्य. तिला थोडे जखमी करावे, मग सोडून द्यावे, असा माझा हिशेब. शेवटचा घाव अपेक्षेपेक्षा फार खोल गेला आणि ती मेली. वास्तविक तिची आग चुकवत ‘सोडून दे’ हेच वीसेक वेळा हट्टाने निवडायचे असते. आपण मरायला टेकलो की तिची आग आपल्याला टाळून जाते, हे मला नंतर दिसले.

अर्थातच मी खेळ मागे नेला आणि तिला वाचवले. बाहेर पडताच फ्लॉवी नावाचे कपटी फूल भेटले. तू तिला मारलेस, मग पस्तावून मागे गेलास, अशा अर्थाचे ते बोलले. मी दचकून भाच्याकडे पाहिले.

“मामा, हा गेम विसरत नाही,” तो म्हणाला.

आपण खोडलेली ओळ लक्षात ठेवणारे पुस्तक मी तरी पाहिलेले नाही.

पुढे त्याच्या मदतीने कोणालाही न मारता शेवट गाठला. अडसर तुटतो, राक्षस उन्हात येतात. त्यानंतर खेळ पुन्हा उघडला की तेच फूल विनवते: सगळे सुखात आहेत, आता धोका तुझाच, कारण सारे पुसून पहिल्यापासून मांडण्याची शक्ती तुझ्याकडे आहे, त्यांना राहू दे. माझा नियम इथे अडला. दुसरे वाचन हा कलाकृतीचा मान असे मी समजत होतो. इथे ती कलाकृतीच नको म्हणत होती.

मी पळवाट काढली. सर्वांना मारत जाण्याची वाट भाच्याला खेळायला लावली आणि शेजारी चहा घेऊन बसलो. खेळात जतन करायची जागा एकच. म्हणजे माझे सुखी राक्षस पुसूनच त्याने सुरुवात केली. उत्तरार्धात फूल म्हणते, स्वतः करवत नाही पण पाहायचे मात्र असते, असेही लोक असतात. आत्ताही कोणी पाहत असेल. माझा चहा निवला.

तरी तक्रार नोंदवतोच. या वाटेवर एकेका प्रदेशातला शेवटचा जीव सापडेपर्यंत भटकावे लागते. फार कंटाळवाणे काम. कंटाळा हीच शिक्षा, असे भाचा म्हणतो. मला ते अर्धेच पटते. कारण सॅन्सशी होणारी सर्वांत अवघड, सर्वांत रंगलेली लढाई फॉक्सने याच वाटेवर ठेवली आहे. उत्तम पक्वान्न पापाच्या ताटात वाढायचे आणि जेवणाऱ्याला दोष द्यायचा, ही लेखकाची लबाडी आहे. मात्र शेवटाला तो कचरत नाही. जग नष्ट होते, ते परत हवे तर आत्मा द्यावा लागतो, आणि नंतर गाठलेल्या सुखान्तावरही त्या सौद्याचा डाग राहतो.

भाचा तिथवर पोचला नाही. सॅन्सपुढे रात्री दोनपर्यंत हरला आणि झोपायला गेला. सकाळी म्हणाला, “मामा, परत पहिल्यापासून मांडू का? टोरिएल असेल.”

मी नको म्हणालो.