पर्सिग आणि पितळेची झीज

रॉबर्ट पर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि एकही मोटरसायकल कधी उघडलेली नव्हती. दुसऱ्यांदा वाचलं ते गेल्या पावसाळ्यात. बाबांच्या यामाहा आरएक्स १०० चा कार्बोरेटर जुन्या पेपरवर सुटा होऊन पडला होता, हाताला पेट्रोलचा वास होता, आणि पहिल्या वेळी ज्या ओळींखाली मी पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या, नेमकं तिथेच आता अडायला होत होतं.

१९७४ साली आलेल्या या पुस्तकाबद्दल बोलायचं म्हणजे 'क्वालिटी'बद्दल बोलायचं, असा रिवाज आहे. मला त्यातल्या मोटरसायकलबद्दल बोलायचं आहे.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: निवेदक आपल्या मुलाला, ख्रिसला, मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला निघतो. सोबत एक मित्र जोडपं, बीएमडब्ल्यूवर. त्यांना यंत्राच्या आत डोकवायचंच नसतं. निवेदक मात्र आपली गाडी स्वतः दुरुस्त करतो. पोटासाठी तो कॉम्प्युटरची मॅन्युअल्स लिहितो. हा तपशील पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून निसटला होता, आणि आता तोच मला पुस्तकाची किल्ली वाटतो. मोटरसायकल ही आधी मनातली कल्पनांची रचना असते, पोलाद नंतर येतं, असं त्याचं म्हणणं आहे. बिघाड शोधायचा तर तर्क मांडा, एका वेळी एकच गोष्ट तपासा, वहीत लिहून ठेवा. मी ऑफिसात रोज हेच करतो. सॉफ्टवेअरमधल्या माणसांना हे पुस्तक इतकं का आवडतं, याचं उत्तर इथे आहे: त्याची मोटरसायकल बरीचशी प्रोग्रामसारखी वागते. प्रोग्राममधली चूक लिहिल्या दिवसापासून तिथे असते. दहा वर्षं चालला म्हणून कोडची एकही ओळ झिजत नाही.

आरएक्सची तक्रार अशी होती: पाव थ्रॉटलला गाडी गुरगुरायची, प्लग काळा आणि ओला, अ‍ॅव्हरेज घसरलेलं. थोडक्यात, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. स्लाइडच्या कार्बोरेटरमध्ये थ्रॉटल ओढला की पिस्टनसारखी स्लाइड वर जाते. तिच्या पोटात निमुळती सुई असते आणि ती पितळी नीडल जेटच्या भोकात वरखाली होते. सुई आणि भोक यांच्यामधल्या कड्याएवढ्या फटीतून पेट्रोल वर येतं. पूर्ण थ्रॉटलला हिशेब मेन जेटकडे जातो, पण गावातलं बहुतेक चालवणं या फटीवर चालतं. इंजिन थरथरतं, सुई भोकात नाचते, आणि वर्षानुवर्षं पितळ एका बाजूला खाल्लं जातं.

समजा भोक २.६० मिलिमीटर आणि सुईचा सरळ भाग २.५० मिलिमीटर. फटीचं क्षेत्रफळ येतं सुमारे ०.४० चौरस मिलिमीटर. भोक फक्त ०.०२ मिलिमीटरने वाढलं तर ते होतं ०.४८. म्हणजे केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी झीज, आणि पेट्रोलला वीस टक्के जास्त वाट. मी आधी सुईची क्लिप एक खाच वर घेतली, म्हणजे सुई खाली बसली. अर्ध्या थ्रॉटलला बरं वाटलं, पाव थ्रॉटलला गुरगुर तशीच. साहजिक आहे. सरळ भागाची जाडी सगळीकडे सारखी, तो वरखाली करून फट बदलत नाही.

आता पुस्तकाकडे. त्यातही एका ठिकाणी प्लग काळे निघतात. निवेदक विचार करतो आणि ओळखतो, की आपण उंचीवर आलो आहोत, हवा विरळ आहे, म्हणून मिश्रण दाट झालंय. बरोबर आहे ते, आणि सुंदर लिहिलंय. पण हे कारण बाहेरून आलेलं आहे, त्याला ठिकाण आहे. पुस्तकातला दुसरा मोठा बिघाड, म्हणजे जाम झालेलं इंजिन, तोही तसाच: आतली एक स्वस्तातली पिन तुटलेली, आणि रेडिओ लावून बेफिकीर काम करणाऱ्या मेकॅनिकांना ती दिसत नाही. तिथे दोष आहे, दोषी आहेत. झीज पुस्तकात नाहीच, असं मी म्हणणार नाही. टायर घासतो, साखळी घासते, सत्तावीस हजार मैल झालेल्या गाडीला स्वतःचा स्वभाव येतो यावर तर एक जिव्हाळ्याचा परिच्छेद आहे. पण ही झीज डोळ्यांना दिसणारी किंवा मायेने पाहण्याची. हळूहळू खोटं बोलायला लागलेला पार्ट त्याच्या पद्धतीत बसत नाही.

कारण त्याची अखेरची कसोटी आहे मनाची शांती. काम नीट झालंय का, हे तुमच्या आतल्या स्वस्थतेवरून कळतं, असं तो सांगतो. पहिल्या वाचनात मी इथे दुहेरी रेघ मारली होती. माझे बाबा या गाडीवर पूर्ण स्वस्थ होते. गाडी 'अशीच चालते' म्हणायचे, आणि त्यांचं मनगट गुरगुरीचा पट्टा आपसूक ओलांडून जायचं. झीज इतकी सावकाश आली की स्वस्थताही तिच्याबरोबर झिजत बसती झाली. खरं काय ते पेट्रोलच्या डायरीला ठाऊक होतं: लिटरला ४२ वरून ३६, मग २९. शांतीपेक्षा तारीखवार आकडे बरे, असं म्हणणारं एखादं पान त्या पुस्तकात असायला हवं होतं. निवेदकाच्या वैज्ञानिक वहीत ते आहे, त्याच्या झेनमध्ये नाही.

पार्ट आणायला मी नाना पेठेत गेलो. पर्सिगचा सल्ला असा, की जुना पार्ट आणि कॅलिपर सोबत न्यावा, म्हणजे चुकीचा गळ्यात पडत नाही. मी नेला. जुन्या जेटवर कोरलेला नंबर स्पष्ट होता आणि नव्यावरही तोच. कॉलेजातला व्हर्निअर ०.०२ मिलिमीटरच्या खाली वाचतच नाही, आणि एवढ्याशा भोकात त्याचे जबडे शिरतही नाहीत. घरी येऊन बसवला, तर गाडी आधीपेक्षा वाईट. डुप्लिकेट. मिस्त्रीने दोन्ही जेट उन्हाकडे धरले आणि म्हणाला, "नंबर काय, कुणीपण कोरतंय. भोक बघा की साहेब." मग त्याने डब्यातून एक जुना स्टॉकमधला जेट काढला, आणि सुईसकट दिला. सुई जुनी ठेवली तर ती नव्यालाही खाते, म्हणून जोडीनेच बदलायचं. नंबर आणि भोक यांच्यामधलं हे अंतर पर्सिगला मोजता येत नाही, कारण मॅन्युअल लिहिणाऱ्याला पार्ट नंबरवरून ओळखायची सवय असते. मलाही आहे.

पुढच्या आवृत्त्यांना त्याने एक उत्तरकथन जोडलं. १९७९ मध्ये ख्रिसचा सॅन फ्रान्सिस्कोत खून झाला. तो कुठे गेला, या प्रश्नावर पर्सिग घुटमळत राहतो, आणि उत्तर देतो ते आकृतिबंधाचं: ख्रिस म्हणजे नुसतं शरीर नव्हतं, एक मोठी आकृती होती, शरीर तिचा एक भाग. मला ही पानं पुस्तकातली सर्वांत प्रामाणिक वाटतात, आणि तरीही त्यांत मला मॅन्युअल लिहिणारा दिसतो. पोलादाआधी कल्पना म्हणणारा माणूस दुःखातही तेच म्हणतो. फरक इतकाच, की इथे त्याचा आवाज थरथरतो. ती थरथर आधीच्या चारशे पानांना थोडी मिळाली असती, तर बिअरच्या कॅनच्या पत्र्यावरून मित्राला नापास करणारा तो निवेदक जरा मवाळ झाला असता.

गाडी आता नीट चालते. बाबांनी एक चक्कर मारली आणि नाराज होऊन आले. डायरीत त्यांच्या अक्षरात नोंद आहे: ४१. पुढे कंसात: पिकअप जास्त, हाताला सवय नाही.