टर्बो सीचा निळा पडदा: एका चांगल्या अवजाराची चिकित्सा



पुस्तकाचं परीक्षण होतं, नाटकाचं होतं, सिनेमाचं तर रोजच होतं. प्रोग्रॅम लिहायच्या अवजाराचं परीक्षण मात्र आपल्याकडे कुणी करत नाही. अवजार म्हणजे अवजार, चाललं की झालं, असं आपण धरून चालतो. पण शेतकऱ्याला विचारा, तो असं म्हणणार नाही. पाभरीच्या फणांमधलं अंतर बदललं की पेरणी बदलते, हे त्याला माहीत असतं. प्रोग्रॅमिंगच्या अवजाराचंही तसंच आहे. ज्या पडद्यावर मुलगा किंवा मुलगी पहिला प्रोग्रॅम लिहिते, तो पडदा तिला काही सवयी लावतो. म्हणून आज मी टर्बो सीबद्दल बोलणार आहे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली, कुठल्याही गावी संगणक शिकलेल्या माणसाला तो निळा पडदा वेगळा सांगावा लागत नाही.

आधी त्याची थोरवी सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय दोष काढणं अन्यायाचं होईल.

१९८० च्या आसपास छोट्या संगणकावर प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे एक यात्राच होती. एडिटर वेगळा. त्यात लिहायचं, साठवायचं, बाहेर यायचं. मग कंपायलर चालवायचा, मग लिंकर. मध्ये फ्लॉपी बदलायच्या. शेवटी कळायचं की अकराव्या ओळीत अर्धविराम राहिला. पुन्हा पहिल्यापासून.

१९८३ मध्ये बोरलँड कंपनीने टर्बो पास्कल आणलं. अँडर्स हायल्सबर्ग या डॅनिश तरुणाचा कंपायलर त्यात होता. एडिटर आणि कंपायलर दोन्ही एकाच वेळी मेमरीत. चूक सापडली की कंपायलर थांबायचा आणि कर्सर थेट त्या जागेवर नेऊन ठेवायचा. किंमत ४९.९५ डॉलर, तीही इतर कंपायलर शेकडो डॉलरला मिळत असताना. हेच हायल्सबर्ग पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये सी शार्प आणि टाइपस्क्रिप्टचे कर्ते झाले.

या घराण्याचा एक धागा महाराष्ट्रातही येतो. १९७० च्या दशकात झुरिकला निकलाउस विर्थ यांच्या गटात पास्कलचा एक सुटसुटीत कंपायलर तयार झाला. कुठल्याही यंत्रावर नेता यावा म्हणून तो एका काल्पनिक यंत्रासाठी संकेत काढायचा, त्याला पी-कोड म्हणतात. पास्कल जगभर पसरलं ते बरंचसं यामुळे. त्या कंपायलरच्या कर्त्यांमध्ये केसव नोरी हे भारतीय नाव आहे. ते पुढे पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये आले. प्रोग्रॅम चालवण्याआधीच त्यातली चूक हुडकणारी साधनं त्या संस्थेत बनली आहेत. म्हणजे अवजारं घडवणारी माणसं आपल्याच राज्यात होती आणि आहेत. आपण मात्र फक्त वापरणारे राहिलो, आणि तेही जुनी वापरणारे.

१९८७ मध्ये टर्बो सी आलं. एकाच पडद्यावर लिहा, कंट्रोल-एफ-९ दाबा, चालवा. शब्दावर कर्सर ठेवून कंट्रोल-एफ-१ दाबलं की त्या फंक्शनची माहिती उदाहरणासह समोर. इंटरनेट नसलेल्या काळात ही मदत म्हणजे उशाशी बसलेला शिक्षकच. पुढच्या आवृत्तीत एफ-७ दाबून एकेक ओळ चालवून बघायची सोय आली. चूक आणि चूक करणारा यांच्यातलं अंतर या अवजाराने कमी केलं. माझ्या मते अवजाराची पारख करायची कसोटी हीच: चूक माझ्यापर्यंत किती लवकर आणि किती स्पष्ट पोहोचते?

आता याच कसोटीवर आजचं टर्बो सी लावून बघू.

१९८७ याच वर्षी आणखी एक कंपायलर जन्माला आला, रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी. दोघं जुळे भाऊच म्हणा. एक वाढत गेला आणि आजही वाढतो आहे. दुसरा १९९० च्या दशकातच थांबला. सीचं पहिलं प्रमाण १९८९ चं, सी प्लस प्लसचं १९९८ चं. त्यानंतर दोन्ही भाषा कितीतरी पुढे गेल्या, पण निळ्या पडद्याला त्याचा पत्ता नाही. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर तो सरळ चालतच नाही. म्हणून डॉसबॉक्स नावाच्या डब्यात घालून चालवावा लागतो. हा डबा मुळात जुने डॉसचे गेम खेळता यावेत म्हणून बनवलेला. आणि आपण त्यात आपला अभ्यासक्रम घातला.

यात बिघडलं काय? चार गोष्टी सांगतो, सगळ्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमधल्या.

पहिली. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला क्लिअरस्क्रीन आणि शेवटी गेटच. का लिहायचं विचारलं तर मुलं म्हणतात, लिहावंच लागतं सर. खरं म्हणजे या दोन ओळींचा सी भाषेशी काही संबंध नाही. आधीच्या वेळचं उत्तर पडद्यावर तसंच राहायचं म्हणून पहिली, आणि उत्तर दिसायच्या आत निळा पडदा परत यायचा म्हणून दुसरी. एका अवजाराची अडचण आपण भाषेचा नियम म्हणून शिकवली. व्हॉइड मेनचंही तेच. प्रमाण भाषेत तिथे इंट लिहायचं असतं.

दुसरी. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम घ्या. ७ चं उत्तर येतं ५०४०, बरोबर. ८ दिलं की येतं उणे २५२१६. आठ संख्यांचा गुणाकार उणे कसा? कारण टर्बो सीमध्ये इंट १६ बिटांचा, त्याची मर्यादा ३२७६७. खरं उत्तर ४०३२०, ते मापात मावलं नाही. हा खरं तर शिकवण्याचा सोन्यासारखा प्रसंग आहे. जीसीसीवर तोच प्रोग्रॅम १२ पर्यंत बरोबर चालतो आणि १३ ला घसरतो, म्हणजे मर्यादा तिथेही आहेच. दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं तर मुलाला संगणकातली संख्या काय असते ते आयुष्यभर विसरता येणार नाही. पण होतं काय, तर जर्नलमध्ये ५ चा फॅक्टोरियल १२० असं लिहितात आणि पान उलटतात.

तिसरी सगळ्यात घातक. आय बरोबर आय प्लस प्लस, अधिक प्लस प्लस आय, असे प्रश्न आपल्या प्रश्नसंचांत हमखास असतात, चार पर्यायांसह. सीच्या प्रमाणानुसार या वाक्याला ठरावीक अर्थच नाही. कंपायलरने काहीही उत्तर द्यावं, ते नियमात बसतं. टर्बो सी एक आकडा देतं आणि आपण तो आकडा बरोबर उत्तर म्हणून पाठ करून घेतो. जो मुलगा 'याला उत्तरच नाही' असं म्हणेल, त्याचे गुण जातात. ज्याला विषय खरा कळला त्याला शिक्षा, अशी ही व्यवस्था झाली.

चौथी. ॲरेमध्ये दहा जागा आहेत आणि तुम्ही तेराव्या जागी लिहिलंत. डॉसमध्ये राखण करणारं कुणी नाही, त्यामुळे प्रोग्रॅम कधी मुकाट चालतो, कधी यंत्रच अडकतं. मग मुलं म्हणतात, पीसी हँग झाला. चूक प्रोग्रॅमची आणि नाव पीसीचं. आज जीसीसीला एक पर्याय जोडला तर तो नेमकी ओळ सांगतो की इथे तुम्ही हद्दीबाहेर लिहिलंत. हे साधन बऱ्याच वर्षांपासून आहे आणि फुकट आहे. ज्या अवजाराची कीर्ती चूक लवकर दाखवण्यात होती, तेच आज चूक लपवतं.

आता मी आपल्या अभिमानाच्या विषयाकडे येतो, लातूर पॅटर्नकडे. त्याचं नाव घेतलं की डॉ. जनार्दन वाघमारे सरांचं नाव येतं. ते लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि १९९४ मध्ये इथे नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं त्याचे पहिले कुलगुरू. या पॅटर्नला घोकंपट्टी म्हणून हिणवायची एक फॅशन आहे. मला ते पटत नाही. त्याचा गाभा काय होता? चाचणी घ्या, लगेच तपासा, चूक दाखवा, पुन्हा चाचणी घ्या. टर्बो पास्कलनेही नेमकं हेच केलं होतं: लिही, चालव, चूक बघ, पुन्हा लिही. चूक कळायला दोन महिने लागू नयेत, हीच दोन्हीकडची कल्पना.

मग गंमत बघा. ज्या भागाने परीक्षेत ही कल्पना सिद्ध केली, त्याच भागाच्या संगणक लॅबमध्ये ती मेली. आठवड्यातून एक प्रॅक्टिकल, एका पीसीवर तिघं, फळ्यावरचा प्रोग्रॅम टाइप करायचा, आउटपुट आलं की सही. चूक झाली तर सर येऊन अर्धविराम घालून जातात. एफ-७ किती जणांनी दाबलंय? हात वर करायला सांगत नाही, पण स्वतःला विचारा.

यावर आपली माणसं म्हणतात, 'सर, आमचे पीसी जुने, वीज जाते, नेट चालत नाही. टर्बो सी पेन ड्राइव्हवर मावतं.' हा आक्षेप मी हलका मानत नाही. नुसता जीसीसी देऊन काळ्या पडद्यासमोर मुलाला बसवलं तर तो घाबरेल. निळ्या पडद्यात आधार होता, हे खरं. पण जीनी किंवा कोडब्लॉक्ससारखी हलकी, फुकट, नेटशिवाय चालणारी साधनं आहेत आणि ती जुन्या पीसीवरही चालतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सवर सी शिकवणारे पाठ मराठी आवाजात आहेत. खरी अडचण यंत्राची नाही. प्रश्नपत्रिका, जर्नल आणि एक्स्टर्नलचे ठरलेले प्रश्न निळ्या पडद्याला बांधलेले आहेत. पीसी बदलायला निधी लागतो, प्रश्नसंच बदलायला अभ्यास मंडळाची एक बैठक पुरते.

भाषेबद्दलही बोललं पाहिजे. निळ्या पडद्याला देवनागरी माहीतच नव्हती. आजच्या पायथनला माहीत आहे. चलाचं नाव 'वय' ठेवता येतं. मराठी आकड्यांत '१२३' असा मजकूर दिला तर त्याची संख्याही करून देतो. पण शब्द उलटा करायचा आपला नेहमीचा प्रोग्रॅम 'लातूर' या शब्दावर चालवा. आपल्याला अपेक्षा 'रतूला' अशी, येतं 'रूताल'. कारण पायथन अक्षरं मोजत नाही, ल, काना, त, ऊकार, र असे पाच तुकडे मोजतो. उलटताना मात्रा शेजाऱ्याच्या अंगावर जातात. 'नांदेड'चं तर अनुस्वार-काना उलटे पडून लेखनच मोडतं. ॲपलची स्विफ्ट भाषा मात्र 'लातूर'ची तीन अक्षरं मोजते. म्हणजे हे जमतं, कुणी मनावर घेतलं तर. हा प्रोग्रॅम आपल्या जर्नलमध्ये का नसावा? कॅलिफोर्नियातल्या मुलाला हा प्रश्न सहसा पडणार नाही. आपल्याला रोज पडतो. नवीन अवजार अशाच अडलेल्या जागी जन्माला येतं.

शेवटचा मुद्दा, आणि तुमच्या मनात तो केव्हाचा असेल. आता एआय आहे. मोबाइलवर प्रश्न टाकला की अख्खा प्रोग्रॅम येतो, मग ही सगळी चर्चा कशाला? मी तीच कसोटी लावतो. याच साधनाला तुम्ही 'माझा प्रोग्रॅम ८ ला उणे उत्तर का देतो, मराठीत समजावून सांग' असं विचारलंत, तर चूक तुमच्याजवळ येते. मराठी माध्यमातल्या मुलीला इंग्रजी एरर मेसेजची भीती वाटते, तिच्यासाठी ही फार मोठी सोय आहे. ते उत्तर मात्र चालवून पडताळायचं, कारण हे साधन ठाम आवाजात चुकीचंही सांगतं. आणि तुम्ही 'प्रॅक्टिकल नंबर सातचा प्रोग्रॅम दे' म्हणालात, तर चूक तुमच्या वाट्याला येतच नाही. फळ्यावरून उतरवणं आणि मोबाइलवरून उतरवणं यात मला फरक दिसत नाही.

म्हणून शिक्षक मित्रांना माझी विनंती अगदी छोटी आहे. प्रत्येक प्रॅक्टिकलला एक बिघडलेला प्रोग्रॅम द्या आणि तो दुरुस्त करायला सांगा. सही आउटपुटवर करू नका, चूक कशी सापडली हे मुलगा सांगेल त्यावर करा. लॅबच्या भिंतीवर नेहमीचे पन्नास एरर मेसेज मराठी अर्थासह लावा. तो तक्ता मुलांनाच करू द्या. इथली मुलं पुण्याला मुलाखतीला जातात तेव्हा त्यांच्या हुशारीत काही कमी नसतं. बिघडलेला प्रोग्रॅम त्यांच्यासमोर कुणी कधी ठेवलेलाच नसतो, कमी पडतं ते तिथे. टर्बो सीने आपल्या दोन पिढ्यांना प्रोग्रॅमिंगच्या दारापर्यंत आणलं, त्याचे उपकार मानू आणि त्याला आता निवृत्त करू.